म्हैस चाळीस लिटर देते तेव्हा

रात्री ९:१०. बिल निघायला ८ तास ५० मिनिटं. एका दूध संघाचं दहा दिवसांचं संकलन सर्व्हरवर चढवायचंय: १०,८०० सभासद, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे २,१६,००० नोंदी. जुनी एपीआय एका विनंतीत एकच नोंद घेते, ४० मिलिसेकंदांत. मला ते बैलगाडीसारखं वाटतं. मी ‘बल्क’चा नवा रस्ता बांधायला बसतो.

९:२५. सगळी फाइल एकदम पाठवली. उत्तर ४१३. एन्जिनएक्स मुळात १ एमबीच्या वर घेत नाही. मर्यादा वाढवली.

९:४०. ५,००० चे गट. नोंदीला १४ रकाने, म्हणजे एका इन्सर्टमध्ये ७०,००० पॅरामीटर. पोस्टग्रेसची हद्द ६५,५३५. गट ४,००० चा केला.

१०:०५. एका नोंदीत फॅट कोरी. गट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्यामुळे सगळे ४,००० परत. आता काय? सगळं किंवा काहीच नाही, की चांगलं आत आणि खराब बाजूला? एका म्हशीपायी इतरांचं बिल का अडवायचं, असं म्हणून मी दुसरं निवडलं. प्रत्येक नोंद वेगळी घालायची, वेगळी कमिट करायची. निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. पण ४,००० चा आकडा ज्या कारणानं आला, ते कारणच आता उरलं नव्हतं, आणि आकडा तसाच राहिला.

१०:२०. ५४ गट सुटले. गटाला ४० सेकंद. चहा.

१०:३१. रात्रीचा बॅकअप सुरू झाला, डिस्क रखडली, सतराव्या गटाला ८० सेकंद लागू लागले. एन्जिनएक्स ६० सेकंद थांबला आणि ५०४ देऊन मोकळा झाला. मागं अ‍ॅप्लिकेशनला मात्र कुणी थांब म्हटलं नव्हतं. ते इमानदारीत नोंदी घालतच होतं. माझ्या स्क्रिप्टला वाटलं, गट गेलाच नाही. तिनं तो आणखी तीनदा पाठवला. सभासद, तारीख, वेळ यांवर युनिक बंधन नव्हतं. ते घातलं असतं आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लिहिलं असतं, तर चारदा काय, चाळीसदा पाठवूनही काही बिघडलं नसतं.

११:१५. बॅकअप संपला. पुढचे गट सुरळीत.

११:३३. ‘अयशस्वी गट: ११’. मी काळजीपूर्वक ते अकराही पुन्हा पाठवले. पाचव्यांदा.

११:४१. सगळं हिरवं. टेबलात किती ओळी आहेत, हे न मोजता झोपलो.

सकाळी ६:००. बिलं निघाली, एसएमएस गेले.

६:१५. पहिला फोन. “सायेब, सकाळी आठ लिटर घातलं हुतं. माझी म्हस चाळीस लिटर देती व्हय?”

टेबलात १,७६,००० नोंदी जादा होत्या. जुन्या बैलगाडीनं ९:१० ला निघालो असतो, तर ११:३४ ला पोचलो असतो.