मालकांगोणी

(सं. ज्योतिष्मती, लॅ. सिलॅस्ट्रस पॅनिक्युलॅटस, कुल – सिलॅस्ट्रेसी). झाडांवर चढणारी, पानझडी, काष्ठमय वेल. भारतातील डोंगराळ भागांत, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरासारख्या सागाच्या जंगलांत आढळते. कोवळ्या फांद्यांवर पांढरट ठिपके असतात. पाने साधी व एकाआड एक. फुले लहान, हिरवट पिवळी असून उन्हाळ्यात येतात. पिकलेले पिवळे बोंड तीन शकलांनी उकलते आणि शेंदरी अध्यावरणातील बिया दिसतात. बियांचे तेल काढतात.

आयुर्वेदात ही वनस्पती मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक व स्मृतिवर्धक मानली आहे. चरकसंहितेत ती शिरोविरेचन (नाकावाटे डोक्याची शुद्धी करणाऱ्या) द्रव्यांत येते. स्मृती घटण्यामागे मेंदूतील दाह हेही एक कारण असू शकते : तो लांबल्यास मायक्रोग्लिया या मेंदूतील प्रतिरक्षा पेशींतून सायटोकाइने ही दाहकारक द्रव्ये स्रवत राहतात, चेतापेशींमधील जोडण्या दुबळ्या होतात व स्मृती घटते. ॲसिटिलकोलीन या चेताप्रेषकाचे कार्य रोखणारे स्कोपोलामीन देऊन स्मृती मंदावलेल्या उंदरांना बियांच्या तेलाचा फायदा झाल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र तो प्रयोग ॲसिटिलकोलीनच्या कार्याशी निगडित होता, दाहाशी नव्हे. बियांच्या अर्कांत ऑक्सिडीकरणरोधक गुणही आढळले आहेत. तथापि माणसांतील पुरावा तोकडा असल्याने स्मृतिभ्रंशावरील सिद्ध औषध म्हणून मालकांगोणीचा वापर करता येत नाही.