न आलेल्या सुनेचं ताट

सांबऱ्याच्या विमानतळावर शिकाऊ विमानं घिरट्या घालायला लागली तेव्हापासून आमच्या घरात एक नवा विषय शिरला आहे. माझी भाची बारावीला आहे आणि तिला पायलट व्हायचंय. परवा तिचे वडील कागद-पेन घेऊन खर्चाचा हिशेब मांडायला बसले. आकडा अर्ध्या कोटीच्या घरात गेला तसे ते गप्प झाले. भाची म्हणाली, "मावशी, एकदा नोकरी लागली की पगार किती असतो माहितीये?"

मी विचारलं, "पहिल्या वर्षाचा किती?"

ते काही तिनं विचारलं नव्हतं. म्हणून हा इतिहास सांगायला बसले. आहे अमेरिकेचा, पण मुलीला शिकवायला दागिने मोडणाऱ्या कुठल्याही घरानं ऐकावा असा आहे.

सुरुवातीच्या काळात तिथले वैमानिक टपालाच्या पिशव्या घेऊन उडायचे. धोका मोठा, पण पैसाही बरा. मग आली मंदी. १९३२ साली ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीनं आपल्या सेंच्युरी एअरलाइन्समध्ये वैमानिकांचे पगार कापले. बेकार वैमानिक दारात उभे होते. एक गेला तर दुसरा मिळेल, असा हिशेब. वैमानिकांची संघटना जेमतेम वर्षभराची होती, तरी संप झाला आणि प्रकरण पार वॉशिंग्टनपर्यंत गाजलं. १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळानं 'निर्णय क्रमांक ८३' दिला. महिन्याला ८५ तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही आणि पगाराला एक ठरलेलं सूत्र. पुढं हे सगळं कायद्यात गेलं.

एक गोष्ट मात्र इथंच सांगते. त्याच १९३४ सालाच्या शेवटी हेलन रिची ही बाई सेंट्रल एअरलाइन्समध्ये वैमानिक म्हणून लागली. संघटनेनं तिला सभासद करून घेतलं नाही आणि वर्षाच्या आत तिला नोकरी सोडावी लागली. हक्क मिळवणारे लोकसुद्धा दार कुणासाठी उघडायचं ते आधी ठरवतात, हे आपण बायकांनी विसरू नये.

चाळीसेक वर्षं घडी नीट बसली होती. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारनं विमानभाड्यावरचं आणि मार्गांवरचं नियंत्रण उठवलं. नव्या कंपन्या आल्या, तिकिटं स्वस्त झाली आणि जुन्या कंपन्यांना खर्च कापणं भाग पडलं. जुन्या वैमानिकांच्या पगाराला हात लावला तर संप होणार. मग १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं एक युक्ती काढली. आज नोकरीत आहेत त्यांचे पगार शाबूत. यापुढं जे लागतील त्यांना मात्र कमी पगाराची वेगळी श्रेणी. 'बी-स्केल' हे तिचं नाव.

मला हे वाचताना आपली घरं आठवली. सून अजून घरात यायची आहे, आणि आधीच सगळ्यांनी बसून ठरवायचं की तिचं ताट लहान असेल. कुणाचं काही बिघडत नाही. जिचं बिघडतं ती बोलायला तिथं नाहीच. नव्या वैमानिकांचं तेच झालं. ज्यांचा पगार कापला ते अजून नोकरीला लागलेच नव्हते, मग मत कुठून देणार? दोन वर्षांनी युनायटेडनं तसंच करायचं ठरवलं, तेव्हा तिथले वैमानिक मे १९८५ मध्ये संपावर गेले आणि २९ दिवस बाहेर राहिले. न आलेल्या सुनेसाठी कुणीतरी पहिल्यांदा उपाशी राहिलं, असं म्हणूया.

पण ताट लहान करायची दुसरी वाट निघालीच. मोठ्या कंपन्यांनी छोट्या गावांची उड्डाणं छोट्या प्रादेशिक कंपन्यांना दिली. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचं, आत वैमानिक छोट्या कंपनीचा, छोट्या पगाराचा. काही वर्षांत देशातली जवळपास निम्मी उड्डाणं अशी व्हायला लागली. तरुण पोरं तिथं का जायची? कारण मोठ्या कंपनीत जायचं तर तास हवेत, आणि तास तिथंच मिळायचे. पगार मोजायचा तोही बहुधा विमान जागेवरून हललं की. त्याआधीची तपासणी, उशीर, वाट पाहणं हे सगळं फुकटात.

"उमेदवारी करायला नको का?" असं कुणी म्हणेल. आमच्या मामंजींच्या कापडाच्या दुकानात नवा पोरगा आला की पहिलं वर्षभर पगार नसायचा. जेवण आणि दिवाळीला कपडे. पण त्याच्या हातात कात्री नसायची, आणि गल्लाही नसायचा. विमानात सहवैमानिक आलटून पालटून खरंच विमान चालवतो. उमेदवार म्हणून पगार अर्धा, पण मागं बसलेल्यांचा जीव पूर्ण त्याच्या हातात.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं असं एक विमान उतरण्याआधी एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. त्यात रवांडाच्या नरसंहाराची साक्ष जगापुढं मांडणाऱ्या अॅलिसन डेस फोर्जेस होत्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात नवरा गमावून इतर कुटुंबांसाठी झगडलेल्या बेव्हर्ली एकर्टही होत्या.

सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी होती. नोकरीचं ठाणं नेवार्कला, पण राहायची देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअॅटलजवळ आईवडिलांकडं. आदल्या रात्री मालवाहू विमानातून, वाटेत विमान बदलून, ती कामावर पोचली होती. चौकशीच्या सुनावणीत तिचा वर्षाचा पगार १६,००० डॉलरच्या आसपास असल्याचं निघालं. वर्षाला २३,००० च्या वर मिळू शकतात, असं कंपनीनं नंतर सांगितलं. दोन्ही आकडे तिथल्या मानानं तुटपुंजेच. तिला सर्दी झाली होती. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात ती म्हणते की घरी असते तर आज आलेच नसते, पण आता आजारी म्हणून सांगितलं तर हॉटेलचा खर्च मलाच करावा लागेल.

इथं न्यायानं बोललं पाहिजे. पगार कमी म्हणून विमान पडलं, असं चौकशी अहवाल म्हणत नाही. वेग कमी झाल्याचा इशारा आला तेव्हा कॅप्टननं विमानाचं नाक खाली करायच्या ऐवजी वर ओढलं, हे मुख्य कारण. थकवा बहुधा होता, पण त्याचा वाटा नेमका किती हे ठरवता आलं नाही. हिशेबात न बसणारी झोप अशीच असते.

मग गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनच्या खेपा सुरू केल्या. फोटो हातात धरून ते सुनावण्यांना बसायचे. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला. आधी सहवैमानिकाला २५० तासांच्या अनुभवावर घेता यायचं. २०१३ पासून साधारणपणे १,५०० तास लागू लागले, लष्करातून किंवा विद्यापीठातून आलेल्यांना थोडी सवलत. २०१४ पासून कामाआधी सलग दहा तास विश्रांती सक्तीची झाली. गंमत अशी, की त्या रात्रीच्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० च्या वरच होते. आणि पगाराबद्दल कायद्यात चकार शब्द नाही.

पगार वाढला तो वेगळ्याच कारणानं. एवढे तास भरायचे तर मोठा खर्च, आणि पुढं पगार तुटपुंजा. पोरं येईनाशी झाली. २०१६ मध्ये रिपब्लिक एअरवेज दिवाळखोरीत गेली आणि तिनं वैमानिकांच्या टंचाईकडंही बोट दाखवलं. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या स्वतःच्या प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्याच वर्षाला तासाला ९० डॉलर देऊ केले, काही भाग तात्पुरता म्हणून. जे दयेनं झालं नाही, ते टंचाईनं झालं. पण टंचाई सरली की तात्पुरतं ते जातं, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे सगळं ऐकून भाचीचा बेत काही बदलला नाही, आणि बदलावा अशी माझीही इच्छा नव्हती. तिनं वही काढली. प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार? मध्येच सोडलं तर किती भरावे लागतील? पगार कुठल्या तासापासून मोजतात? हे तीन प्रश्न मी सांगितले. चौथा तिनं स्वतःच लिहिला: परगावी आजारी पडले तर खोलीचं भाडं कोण देणार?

तिच्या वडिलांनी वही मागून घेतली आणि हिशेबाच्या कागदाला टाचून ठेवली.