जुन्या घराची ओल : निदान आणि इतिहास

इंग्लंडमध्ये घर विकत घेताना एक जुना दंडक आजही लागू आहे. माल पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. दोष मागाहून निघाले तर विकणाऱ्याकडे बोट दाखवून सहसा फारसे काही हाती लागत नाही. म्हणून आयुष्यभराची पुंजी घालण्यापूर्वी जाणते लोक सर्वेक्षकाकडून घराची तपासणी करून घेतात. घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, म्हणजे १८३७ ते १९०१ मधले असेल, तर अहवालात एक शब्द बहुधा भेटतोच : ओल. ही ओल आली कोठून, हा प्रश्न आपल्याला थेट इतिहासात घेऊन जातो.

प्रथम भिंत पाहू. ती भरीव असते, पुष्कळदा नऊ इंच जाडीची. बाहेरून काही विटांची लांब बाजू दिसते, तर काहींची आखूड. आखूड बाजू दिसणारी वीट भिंतीत आडवी, आरपार गेलेली असते. विसाव्या शतकात रूढ झालेल्या, मध्ये पोकळी असलेल्या दुहेरी भिंतीत बहुतेक लांब बाजूच दिसतात. जुन्या भिंतीच्या विटा चुन्याने जोडलेल्या. चुना मऊ आणि सच्छिद्र. पावसाचे पाणी भिंतीत थोडे शिरे आणि कोरड्या हवेत दर्जांमधून उडून जाई. ही भिंत पाणी पुरते अडवत नसे. शिरलेले पाणी परत देत असे.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीची गोष्ट निराळी. १८३१ पासून कॉलऱ्याच्या साथींनी इंग्लंडमधील शहरे हादरली आणि घरांची बांधणी हा सार्वजनिक आरोग्याचा विषय बनला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर स्थानिक संस्थांच्या नियमांमुळे जोत्यावर पाटीच्या दगडाचा किंवा डांबराचा ओलरोधक थर घालणे रूढ झाले. म्हणून १८६० चे आणि १८९० चे घर रस्त्यावरून सारखेच दिसले, तरी सर्वेक्षक जोत्यापाशी वाकून हा थर शोधतो.

तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची. तिच्याखाली पोकळी आणि बाहेरच्या भिंतीत हवा खेळण्यासाठी भोके असलेल्या विटा. पुढे कोणी बागेची माती वर चढवली, कोणी थंडी नको म्हणून भोके बुजवली, की खालच्या तुळया दमट राहतात. लाकडातील पाणी सुमारे वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिले, तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो.

खोल्यांतले बाष्प बाहेर नेण्याचे काम धुराडी करीत. कोळसा पेटला की गरम हवा वर जाई आणि तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून ताजी हवा येई. १९५२ मध्ये लंडनवर प्राणघातक धुरके पसरले. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. हळूहळू कोळशाच्या चुली गेल्या आणि अनेक घरांत धुराड्यांची तोंडे बंद झाली. शहराची हवा सुधारली, पण घरातली हवा कोंडली. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ थंड भिंतीवर दवासारखी जमू लागली. त्यातच चुन्याच्या दर्जांवर सिमेंट भरले गेले. कठीण, दाट सिमेंटमधून पाणी सहज बाहेर पडत नाही. ते विटेत साठते आणि कडाक्याच्या थंडीत गोठून विटेचा पापुद्रा उडवते.

म्हणजे ओलीची कारणे निदान चार : पाऊस, जमीन, बाष्प आणि चुकीची दुरुस्ती. डाग मात्र सारखेच दिसतात. सर्वेक्षकाच्या हातात दोन टोचण्या असलेला ओलमापक असतो. तो काटा पाणी मोजतो का? नाही. तो टोचण्यांमधला विद्युत् रोध मोजतो, आणि त्याचे आकडे लाकडासाठी ठरवलेले असतात. विटेत क्षार असतील तर पाणी थोडे असूनही काटा पुढे जातो. वर्गात हे सहज दाखवता येईल. सारखे दोन टीपकागद घेऊन एक साध्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या पाण्यात सारखाच भिजवावा आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. पाणी तेवढेच, पण रोध वेगळा! भिंतीतले खरे पाणी मोजायचे तर तिचा नमुना काढून तोलावा, भट्टीत वाळवावा आणि पुन्हा तोलावा.

एवढ्या काटेकोरपणाचे कारण व्यवहारातले आहे. केवळ काट्यावर विसंबून भिंतीत रसायन भरले आणि नवा गिलावा केला, पण मूळ दोष गळक्या पन्हळीत असला, तर खर्च होतो आणि ओल तशीच राहते. चांगला सर्वेक्षक म्हणून आधी पन्हळ पाहतो, मग बागेच्या मातीची उंची, मग बुजलेली भोके; आणि काट्याकडे सर्वांत शेवटी. उपकरण काय मोजते हे कळल्याशिवाय त्याचा आकडा पुरावा ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवायला यापेक्षा सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.