शर्यतीतील प्रतिस्पर्धी : आभासी वास्तवाच्या एका मर्यादेचा इतिहास

‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’ या शब्दावरून मराठीत आला. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या धाराशिव जिल्ह्यात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे अट आणि पैज हे त्याचे मूळ अर्थ येथे अपरिचित नव्हते. पैज म्हटली की प्रतिपक्ष आलाच. कन्सोलवरील मोटार-शर्यतींत आभासी वास्तवाचा प्रवेश झाला तेव्हा काटछाट झाली ती नेमकी या प्रतिपक्षाची, ही गोष्ट म्हणूनच विचारार्ह आहे.

सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर हा हेडसेट २०१६ मध्ये निघाला. २०१७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ या खेळात एरवी २० मोटारींपर्यंत शर्यत होई. हेडसेट चढविताच मात्र एकच प्रतिस्पर्धी उरे. याचे कारण गणिती होते. दोन डोळ्यांसाठी दोन भिन्न चित्रे, तीही सेकंदास किमान ६० वेळा, रेखाटावी लागत. गती मंदावल्यास खेळणाऱ्यास मळमळू लागे. प्लेस्टेशन ४ ची गणनशक्ती मर्यादित असल्याने इतर मोटारी वगळाव्या लागल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ वरील ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ नव्या हेडसेटवर आला. दृष्टी जेथे स्थिरावेल तेथेच चित्र सुस्पष्ट रेखाटण्याची युक्ती त्यात योजलेली होती. शर्यतीतील मोटारी परत आल्या. वगळला गेला तो पडदा दुभागून दोघांनी खेळावयाचा प्रकार. प्रतिस्पर्धी परतले खरे, परंतु शेजारी बसून पैज लावणारा सोबती बाहेरच राहिला.