खेळाडू चालतो, कप्तान चालत नाही

आमच्या मुलांना शाळेत पहिल्या दिवसापासून एक पाठ घोकवला जातो. मेहनत करा, मान आपोआप मिळेल. गुरुजी तो सांगतात, पुढारी जयंतीच्या व्यासपीठावरून सांगतात, घरी आईबापही सांगतात. सांगणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हा पाठ खरा असता तर या देशात सर्वांत जास्त मान कोणाला मिळाला असता? रावेर तालुक्यात केळीचे घड डोक्यावर वाहून मान मोडून घेणाऱ्या मजुराला! तो घड दिल्लीच्या बाजारापर्यंत मानाने जातो. तो वाहणारा मात्र गावाच्या कडेलाच राहतो. तेव्हा मेहनत आणि मान यांचे नाते शाळेतल्या सुविचाराइतके सरळ नाही. ते तपासायचे तर अशा माणसाचे आयुष्य घ्यावे, ज्याची मेहनत वादातीत होती आणि जिचे मोजमाप आकड्यांत झाले होते. महाराष्ट्राच्या इतिहासात असा माणूस आहे. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घर चांभाराचे, वडील लष्कराच्या चाकरीत. पोट भरण्यासाठी बाळू पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात लागले. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये झाले. तेथे जाळी बांधणे, टेनिसच्या मैदानावर रेघा मारणे ही कामे होतीच; शिवाय साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित गोरा फलंदाज. तो लवकर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी आणि बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डावखुऱ्या हाताची ती फिरकी अशी घडली. कोणत्याही प्रशिक्षकाने ती शिकवलेली नाही. मजुरीच्या कामातून निर्माण झालेली ती विद्या होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, तेथे सरावात त्यांच्या हाती बॅट दिली गेली नाही. बॅट हे मालकाचे हत्यार, चेंडू टाकणे हे चाकराचे काम. वर्णव्यवस्थेचे तत्त्व खेळाच्या मैदानावरही असे बिनबोभाट लागू झाले होते. आणि चेंडू कशाचा? चामड्याचा. चामड्याचा चेंडू ब्राह्मणाच्या तळहाताला चालत होता. विटाळ चामड्याचा नव्हता, चामडे कमावणाऱ्या जातीचा होता.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी चांगला गोलंदाज हवा होता, आणि गावातला सर्वांत चांगला गोलंदाज अस्पृश्य होता. संघात वाद झाला. काही तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे म्हणत होते, पुण्याचे ब्राह्मण सभासद विरोधात होते. अखेर गरजेने धर्मावर मात केली आणि बाळू संघात आले. मात केली ती मैदानापुरतीच. मैदानावर ब्राह्मण खेळाडू बाळूंनी टाकलेल्या चेंडूला हात लावीत. चहाच्या सुट्टीत मात्र सगळे मंडपात जात आणि बाळूंना चहा बाहेर मिळे, तोही फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळे. तोंड धुवायचे तर पाणी घालायला दुसरा अस्पृश्य नोकर. म्हणजे या माणसाचा उजवा-डावा हात समाजाला हवा होता, त्याचे तोंड नको होते. घाम चालत होता, ओठ चालत नव्हते.

हिंदूंना विजय मिळू लागल्यावर भाषा बदलली. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी पराक्रम केल्यावर पुण्यात त्यांचा गौरव झाला; न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्या थोरांनी त्यांचे कौतुक केल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे प्लेगच्या काळात बाळू मुंबईत गेले. लष्करात आणि रेल्वेत नोकरी करीत ते हिंदू जिमखान्याकडून खेळले. धाकटे बंधू शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही क्रिकेटमध्ये उतरले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू आणि शिवराम होते. गुलामीत पिचलेल्या देशाला तो विजय फार मोठा वाटला. मुंबईच्या जिमखान्यात बाळू आता इतरांबरोबर बसून जेवू शकत होते, आणि सुधारकांच्या वृत्तपत्राने त्याबद्दल हिंदू समाजाची पाठही थोपटली. पाठ कोणाची थोपटली गेली पहा! ज्याने कष्ट केले त्याची नव्हे. ज्याने त्याला आपल्या ताटाशेजारी बसू दिले त्याची.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होते. संघ बहुतेक सामने हरला, परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचा संबंध होता, अशी नोंद चरित्रग्रंथांत आढळते. आज प्रथम श्रेणीच्या नोंदीत बाळूंच्या नावावर ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी पंधरा धावांच्या आसपास. याहून अधिक मेहनतीचा पुरावा कोणी काय द्यायचा?

तरीही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली. त्यांच्याहून धाकटे, त्यांच्याहून कमी कर्तबगार खेळाडू कप्तान झाले. कारण उघड आहे. गोलंदाज हुकूम पाळतो, कप्तान हुकूम देतो. अस्पृश्याने हिंदूंसाठी बळी घ्यावेत याला धर्माची हरकत उरली नव्हती. अस्पृश्याने ब्राह्मणाला ‘तू तिकडे उभा रहा’ असे सांगावे, याला हरकत होती. मेहनत माणसाला दरवाजाच्या आत आणते. खुर्ची देत नाही.

मग खुर्ची कशाने मिळाली? १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि कप्तानपदासाठी विठ्ठल यांनाही डावलले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे बंधू संघातून बाहेर पडले. घरी जाऊन गप्प बसले नाहीत. जाहीर निवेदन काढून त्यांनी सांगितले की, हा अन्याय जातीमुळे आहे. मुंबईत वातावरण तापले. अस्पृश्यतेचा प्रश्न त्याच महिन्यांत राष्ट्रीय चळवळीच्या व्यासपीठावर आला होता. एकीकडे अस्पृश्यता निवारणाचे ठराव आणि दुसरीकडे अशी वागणूक, हे फार दिवस खपणारे नव्हते. बंधूंना परत बोलावले गेले, बाळूंना उपकप्तान केले गेले, आणि अंतिम सामन्यात कप्तान मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

हा क्रम नीट वाचला पाहिजे. पंचवीस वर्षांच्या मेहनतीने जे दिले नाही ते एका नकाराने हलवले. मेहनत निरुपयोगी होती असे मी म्हणत नाही. मेहनत नसती तर त्या नकाराला वजनच आले नसते. ज्याच्यावाचून अडत नाही त्याच्या बाहेर पडण्याने कोणाचे काय बिघडते? परंतु नुसती मेहनत म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले पीक. ते आपल्या घरी यायचे तर काम थांबवण्याची तयारी आणि कारण उघड बोलण्याचे धाडस लागते.

अमेरिकेतही हेच घडले. बेसबॉल हा तेथला चेंडू-फळीचा राष्ट्रीय खेळ. त्याच्या मुख्य स्पर्धांत साठेक वर्षे काळ्यांना मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला. त्याला घेणाऱ्या व्यवस्थापकाची अट होती की, शिव्या खाव्यात, उलट उत्तर देऊ नये. त्याने ते गिळले आणि खेळून दाखवले. १९७२ साली त्याचे आत्मचरित्र आले. त्यात त्याने स्पष्ट लिहिले की, एवढे यश मिळूनही गोऱ्यांच्या जगात आपण काळेच राहिलो आणि राष्ट्रगीताला उभे राहणेही आपल्याला जमत नाही. मृत्यूच्या नऊ दिवस आधी, १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, त्याचा सत्कार झाला. तेथेही त्याने विचारले की, संघ चालवणारा काळा माणूस केव्हा दिसेल? तो दिसला १९७५ साली. तेथेही खेळाडू चालत होता, संघाचा सूत्रधार चालत नव्हता. आणि त्याच १९७२ साली काळ्या पँथरांचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. दोन्हीकडे तरुणांना कळून चुकले होते की, शहाण्यासारखे वागण्याच्या मोबदल्यात मिळालेला मान केव्हाही काढून घेता येतो.

बाळूंचे उत्तरायुष्य आपल्याला अवघड जाते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. आपल्याकडे यावरून त्यांना एका शब्दात निकालात काढणारे आहेत. ते मला पटत नाही. ज्या माणसाने मंडपाबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून मंडपातल्या ताटापर्यंतचा प्रवास स्वतःच्या बोटांच्या जोरावर केला, त्याला वाटणारच की दरवाजे हळूहळू उघडतात. त्याच्या अनुभवाने त्याला ते शिकवले होते. पण तो अनुभव लाखांत एकाचा होता. काँग्रेसला चांभार समाजातला हा नामवंत माणूस महार समाजातून आलेल्या बाबासाहेबांसमोर उभा करणे सोयीचे होते, हेही विसरू नये. अस्पृश्यांतील जातींना एकमेकांसमोर उभे करण्याची ती युक्ती अजून जुनी झालेली नाही.

दोघांच्या मार्गांतला फरक २० मार्च १९२७ ला महाडला स्पष्ट झाला होता. चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी कोणाला आधी ११४ बळी घ्यावे लागले नाहीत. तेथे जमलेल्या शेतमजुरांपैकी कोणाजवळही मानपत्र नव्हते. माणूस आहोत, एवढा एकच दाखला त्यांनी पुढे केला. बाळूंच्या वाटेने मान हे बक्षीस ठरते. महाडच्या वाटेने तो हक्क ठरतो. बक्षीस एकाला मिळते आणि बाकीच्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले जाते, ‘बघा, त्याला मिळाले, तुम्हीच कमी पडता.’ हक्क सर्वांचा असतो, नापासाचाही, थकलेल्याचाही.

विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. त्यानंतर कित्येक दशके क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला त्यांची आठवण नव्हती. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथानंतर त्यांचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. आपला इतिहास दुसऱ्याने दुसऱ्या भाषेत सांगेपर्यंत आपण वाट का पाहिली, याचा विचार आपल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

मुलांना बाळूंची गोष्ट जरूर सांगावी. चार रुपयांवर रोलर ओढणारा मुलगा इंग्लंडच्या मैदानात कसा पोचला ते सांगावे. पण तेवढेच सांगून थांबू नये. १९२० साली त्यांच्या भावांनी काय केले तेही सांगावे, आणि महाडचेही सांगावे. नाहीतर केळीच्या बागेतल्या मजुराचा मुलगा आयुष्यभर एवढेच समजत राहील की, मान मिळाला नाही याचे कारण बापाची मेहनत कमी पडली. बापाची मेहनत कधीच कमी पडलेली नाही.