नकाशांतील निळी जागा

नकाशा म्हणजे भूमीचें हुबेहूब चित्र, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नकाशाकार जेवढें दाखवितो त्याहून पुष्कळ अधिक गाळतो. आणि काय गाळावें, हें नकाशा कोणासाठीं काढावयाचा यावर ठरतें. वरळी कोळीवाड्याचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

वरळी हें मुंबईच्या सात बेटांपैकीं एक. माहीमच्या उपसागरावर नजर राहावी म्हणून इंग्रजांनीं इ. स. १६७५ च्या सुमारास त्याच्या उत्तर टोंकावर किल्ला बांधला. १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीच्या नांवाचा बांध पुरा झाला आणि वरळी व महालक्ष्मी यांमधून आंत शिरणारें भरतीचें पाणी अडलें. पुढें १८६५ ते १८७२ या काळांत लॉटन यानें शहराची मोजणी केली, ती एका इंचास ४० फूट इतक्या सूक्ष्म प्रमाणावर. परंतु मोजणीदाराची सांखळी किनाऱ्यापाशीं थांबे. पुढील समुद्राचे नकाशे निघाले ते जहाजांसाठीं. मासेमारीचे खुंट त्यांत कोठें आलेच, तर वाटेंतील अडथळा म्हणून आले.

कोळ्याच्या लेखीं मात्र हा समुद्र कधींच रिकामा नव्हता. ओहोटीला उघडे पडणारे खडक, कालवांच्या जागा, होडी न्यावयाची वाट, हें सारें ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडोतोंडीं चालत आलें.

१९९४ सालीं कॅनडानें आपला राष्ट्रीय नकाशासंग्रह इंटरनेटवर आणला. २००९ सालीं भारताच्या अवकाश संशोधन संस्थेनें ‘भुवन’ सुरू केलें. अशा संग्रहांत किनारा, रस्ते, वस्ती यांचे थर एकावर एक रचलेले असतात. पाहणारा हवा तो थर उघडतो, प्रमाण लहानमोठें करतो. दुरून ‘मुंबई’ एवढेंच नांव दिसतें, जवळ येतां ‘वरळी’, अगदीं जवळ गेल्यावर ‘कोळीवाडा’. हा क्रम रचनाकारानें ठरविलेला असतो. आणि जो थर कोणी भरलाच नाहीं, तो कितीहि जवळ गेलें तरी दिसत नाहीं.

याचा प्रत्यय किनारी रस्त्याच्या वेळीं आला. क्लीव्हलँड बंदरापाशीं पुलाच्या दोन खांबांमध्यें ६० मीटर अंतर आंखलें होतें. आराखड्यांत ती केवळ मोकळी जागा होती. कोळ्यांची समुद्राकडे जाणारी वाट तीच होती. लाटांच्या माऱ्यांत एवढ्या फटींतून होड्या नेणें धोक्याचें, असें सांगत त्यांनीं विरोध केला, आणि २०२२ च्या अखेरीस तें अंतर १२० मीटर करण्याचें ठरलें.

कागदावर जागा नाहीं, ही सबब थरांच्या नकाशास उरलेली नाहीं. भरती-ओहोटीबरोबर सरकणारा किनारा आणि हंगामागणिक बदलणारीं मासळीचीं ठिकाणें तो दाखवूं शकतो. मात्र हीं ठिकाणें सर्वांस उघड झालीं, तर कोळ्याची भाकरीच परक्याच्या हातीं जाईल. म्हणून तो थर कोळ्यांनीं सांगितल्याप्रमाणें भरला जावा, आणि तो कोणापुढें उघडावा हें ठरविण्याचा अधिकारहि त्यांचाच असावा.