काडतुसाची कोठी आणि ती कोरणारे हत्यार

महाड-पोलादपूर पट्ट्यात शस्त्रांचा विषय निघाला की बोलणे तलवारीवरच जाते. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी, घाट चढला की प्रतापगड, महाडच्या उशाला रायगड. मुलूखच असा, तर दुसरे काय होणार! बंदुकीची पाळी आलीच तर दस्ता, चाप, लांबी, वजन यांवर चर्चा होते. नळीच्या आत मात्र सहसा कोणी डोकावत नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत गोळी कुठे लागणार याचा बराचसा निर्णय नळीच्या मागच्या टोकाला, जेमतेम दोन इंचांत होऊन गेलेला असतो. काडतूस बसते ती ही जागा म्हणजे कोठी किंवा चेंबर, आणि ती कोरणारे हत्यार म्हणजे चेंबर रीमर. हा रीमर कसा निवडतात, हे समजले की नळीच्या शास्त्राचे दार उघडते. म्हणून नव्या वाचकाला मी याच दाराने आत नेतो.

आधी कायद्याचे बोलून घेऊ. अमेरिकेत हौशी माणूस आटे पाडलेली कोरी नळी विकत आणतो आणि घरच्या लेथवर तिला कोठी कोरतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे तर सोडाच, दुरुस्त करणे किंवा तिची चाचणी घेणेही चालत नाही. तेव्हा घरी रायफल बांधण्याचा बेत कोणी मनात आणू नये. पण विषय समजून घ्यायला परवाना लागत नाही, आणि समजून घेण्याचे कारणही आपल्या दारात आहे. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे गावात घरोघरी सैनिक आहेत. याच जिल्ह्यातल्या पनवेलमधून सुमा शिरूर यांनी नेमबाजांच्या पिढ्या घडवल्या. त्यांनी स्वतः 2004 साली दहा मीटर एअर रायफलमध्ये 400 पैकी 400 गुण मिळवले होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला पन्नास मीटरमध्ये कांस्यपदक आणले. एअर रायफलमध्ये काडतूसच नसते. पण पन्नास मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलमध्ये कोठी असते, आणि स्पर्धेच्या रायफलीत ती इतकी नेमकी कोरलेली असते की काडतूस आत सारतानाच गोळीवर नळीतल्या आट्यांचे वळ उठतात.

रीमर हे काही बंदुकीचेच हत्यार नव्हे. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड केलेल्या कोणालाही ते हाताने माहीत असते. ड्रिलने पाडलेले भोक थोडे ओबडधोबड आणि मापात किंचित कमी ठेवायचे, आणि मग रीमर घालून शेवटचा एक-दोन दशांश मिलीमीटर काढून ते मापात आणि गुळगुळीत करायचे. पहिल्याच दिवशी सर बजावतात की रीमर उलटा फिरवायचा नाही. बाहेर काढतानासुद्धा सुलटाच फिरवत काढायचा, नाहीतर कीस धारेखाली अडकतो, धार बोथट होते आणि भोकावर ओरखडे उठतात. तेल भरपूर घालायचे, दाते वरचेवर पुसायचे. दाते मोजून पाहिलेत तर त्यांच्यातले अंतर बऱ्याचदा मुद्दाम कमी-जास्त ठेवलेले दिसेल. सारख्या अंतरावरचे दाते एका तालात थरथरायला लागतात आणि भोकाच्या भिंतीवर लाटा पडतात. त्यालाच कारखान्यात चॅटर म्हणतात.

याहून महत्त्वाचा धडा मात्र बरेच जण विसरतात: रीमर वाकडे भोक सरळ करत नाही. आधीचे भोक जिकडे गेले असेल, तिकडेच तो जातो. चेंबर रीमरच्या टोकाला म्हणूनच पायलट असतो, म्हणजे नळीत सरकत जाऊन हत्याराला वाट दाखवणारा गुळगुळीत दांडा. नळीनळीत व्यासाचा सूक्ष्म फरक असतो, म्हणून चांगल्या रीमरवर पायलटची बुशी बदलता येते आणि नळीला बेताची बसेल ती निवडता येते. सैल बुशी म्हणजे भरकटलेली कोठी. पण बुशी कितीही नेमकी असली तरी लेथवर नळीच आऊट फिरत असेल तर रीमर काय करणार? फोर-जॉ चकमध्ये नळी बांधून, डायल लावून, काटा हलेनासा होईपर्यंत बोल्ट आवळत बसणे, या कामाला अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

आता निवडीकडे वळू. काडतुसाचे अंग किंचित निमुळते असते, पुढे खांदा, मग मान, मग गोळी आट्यांना भिडण्यापूर्वीचा घसा. हे सगळे एकच फिनिशिंग रीमर कोरतो, त्यामुळे कोठी म्हणजे त्या रीमरचा ठसा. रीमर घासताना दिलेले माप पुढे नळीत कायम राहते. म्हणून जाणकार आधी रीमरचा नकाशा मागतो, किंमत नंतर विचारतो.

मानेपासून सुरुवात करू. 1952 साली बाजारात आलेले पॉइंट थ्री-झिरो-एट विंचेस्टर हे लांब पल्ल्याच्या स्पर्धांतले जुने काडतूस. त्याच्या प्रमाणित कोठीची मान साधारण 0.344 इंचाची. काही नेमबाज याहून अरुंद मानेचा रीमर मागवतात; केस, म्हणजे काडतुसाचे कवच, मोकळी न बसता मधोमध धरली जावी, हा हेतू. पण मग प्रत्येक केसची मान बाहेरून तासावी लागते. न तासलेले काडतूस अशा कोठीत दडपले तर गोळी सोडायला मानेला फुगायला जागाच उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. नवख्याने अरुंद मानेच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घशाचे गणित वेगळे. लांब, जड गोळीला लांब घसा हवा, आखूड गोळीला आखूड. शिवाय हजारो बारांच्या उष्णतेने घसा झिजतो आणि पुढे पुढे सरकतो. तेव्हा सुरुवात आखूड घशाने केलेली बरी. पुढे वेगळ्या रीमरने तो वाढवता येतो, गेलेले पोलाद परत आणता येत नाही. आणि कोठीची खोली तपासायला दोन गेज असतात: थ्री-झिरो-एटसाठी 1.630 इंचाचा गो आणि 1.634 इंचाचा नो-गो. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दोन्हींत फरक चार थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा.

घट्ट कोठी चांगली की सैल, याचे एकच उत्तर नसते, हे 1915 साली, पहिल्या महायुद्धात, कॅनडाच्या सैनिकांनी बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात शिकून घेतले. त्यांची रॉस रायफल मैदानावरच्या स्पर्धांत नावाजलेली होती. खंदकात मात्र चिखल आणि जरा मोठ्या मापाची काडतुसे यांपुढे तिचा बोल्ट उघडेनासा झाला. कारणे एकाहून जास्त होती, पण घट्ट कोठी त्यांतले मोठे. मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलून लोक लढले, कारण तिची कोठी ऐसपैस होती. पुढे रॉसच्या कोठ्या रीमरनेच मोठ्या कराव्या लागल्या. तरी काही लपलेले नेमबाज शेवटपर्यंत रॉसच वापरत राहिले! काडतुसे निवडून घेणाऱ्याला आणि रायफल स्वच्छ ठेवायला वेळ असणाऱ्याला ती सोयीची होती.

कोठीचा इतिहास याहून जुना आहे. उखळी तोफेच्या तळाशी दारूसाठी नळीहून अरुंद कोठी असे. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने अशाच तोफांतून रायगडावर तोफगोळे टाकले आणि गडावरचे वाडे जळाले. भरीव ओतून मग आतून कोरलेल्या तोफेचे पेटंट जॉन विल्किन्सनने 1774 मध्ये घेतले, आणि कोरण्याच्या याच कसबातून पुढे वॉटच्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर निघाला. गडावर किंवा जंजिऱ्यावर तोफ दिसली की तिच्यावर बसून फोटो काढण्याआधी तोंडातून विजेरी मारून आत पाहावे.

ज्याला हाताने शिकायचे आहे त्याने टूल-रूममधला साधा रीमर घ्यावा, पोलादाच्या ठोकळ्यात भोक करावे आणि प्लग गेजने तपासावे. कोकणातल्या दमट हवेत तो तेलात बुडवून ठेवावा. एका पावसाळ्यात धारेवर गंज चढतो. रीमर जुना असेल तर आधी मायक्रोमीटर लावावा. दरवेळी धार लावली की त्याचा व्यास थोडा घटतो, म्हणूनच चांगले कारागीर नवा रीमर मापाच्या वरच्या हद्दीला धरून घासतात. वापरलेल्या हत्यारावर कोरलेला आकडा त्याच्या जन्माच्या वेळचा असतो.